टिळकवाडीतल्या बाईंचा ग्रामर क्लास : चार शब्दांसाठी अख्खा महिना

ज्यांना महिनाभरात फाडफाड इंग्रजी बोलायचं आहे त्यांनी हा रिव्ह्यू वाचायची तसदी घेऊ नये. या क्लासात बोलायला शिकवत नाहीत. आरशासमोर उभं करत नाहीत, 'कॉन्फिडन्स' वाढवून देत नाहीत, शेवटी सर्टिफिकेट नाही आणि ग्रुप फोटोही नाही. तसले क्लास बेळगावात पैशाला पासरी आहेत. त्यातल्या एकाची फी मी पूर्वी भरलेली आहे. तिथं 'हाऊ आर यू'ला किती प्रकारे उत्तर देता येतं ते आम्हाला शिकवलं, आणि हे उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आजवर आलेली नाही.

माझी गरज वेगळी होती. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. शेजारच्या फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे वितळलेल्या धातूचा ओतलेला भाग, येतं, आमच्याकडं त्याचं मशीनिंग होतं, माल पुण्याला जातो, थोडा परदेशीही जातो. शॉपमध्ये ऑपरेटर मराठीत विचारतो, सुपरवायझर कन्नडात उत्तर देतो, बिहारचा पोरगा हिंदीत 'हो गया' म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते कागदावर. लॉट रिजेक्ट झाला की कस्टमर 'एट डी' रिपोर्ट मागतो. फोर्ड कंपनीनं १९८७ च्या सुमारास बसवलेली ही आठ पायऱ्यांची पद्धत आता गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या सगळ्यांच्या मानगुटीवर आहे. त्यातली चौथी पायरी सगळ्यात अवघड. दोष का निर्माण झाला आणि निर्माण झालेला दोष तुमच्याच तपासणीत का सापडला नाही, या दोन्हींची उत्तरं तिथं वेगवेगळी लिहायची. कुठं, केव्हा, का, कसा. म्हणजे व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ. अख्खा रिपोर्ट या चार शब्दांवर उभा असतो, आणि मराठी मीडियममधून आलेल्या माणसाची तंगडी नेमकी त्यांच्यातच अडकते.

बाईंच्या क्लासात या चार शब्दांना अख्खा महिना दिला जातो. कुणी सांगितल्यावर मला थट्टाच वाटली होती.

क्लास म्हणजे दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका जुन्या घराची माडी. काँग्रेस रोडकडून येणाऱ्यांनी गेटाचा हिशेब धरूनच निघावं, कारण गेट पडलं की गाडी जाईपर्यंत उभं राहावं लागतं आणि बाई ती सबब ऐकून घेत नाहीत. "गेट रोज पडतं, तुम्ही रोज लवकर निघा," एवढंच. बाई हायस्कुलातून रिटायर झालेल्या. माहेर धारवाडकडचं, सासर इथलं, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. विद्यार्थ्यांची नावं त्या लक्षात ठेवत नाहीत. गावावरून हाका मारतात. बँकेच्या परीक्षा देणारी एक मुलगी निपाणी, परदेशी नोकरीसाठी आयईएलटीएस देणारी नर्स खानापूर, कन्नड शाळेतले एक तरुण मास्तर बैलहोंगल, आणि मी उद्यमबाग. माझं गाव येळ्ळूर, पण आमच्या बॅचला येळ्ळूरचे आणखी दोघं असल्यानं मला कामाच्या जागेवर समाधान मानावं लागलं.

शिकवणं फळ्यावर. पहिल्या तासाला त्यांनी दोन ओळी लिहिल्या. 'बेळगाव इज द प्लेस' लिहून गाळलेली जागा, पुढं 'गांधीजी प्रिसायडेड ओव्हर द काँग्रेस इन १९२४'. खाली पुन्हा 'बेळगाव इज द प्लेस', पुन्हा गाळलेली जागा, पुढं 'एव्हरी काँग्रेसमन रिमेंबर्स'. पहिल्या ओळीत व्हेअर हे सगळ्यांनी सांगितलं. दुसऱ्या ओळीतही निम्म्या वर्गानं व्हेअरच सांगितलं. का? तर बेळगाव ही जागा आहे, आणि जागा आली की व्हेअर, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं.

बाईंची रीत अशी: गाळलेल्या जागेनंतरचं वाक्य सुटं करा आणि मघाचं नाम त्यात परत बसवा. 'गांधीजी प्रिसायडेड ओव्हर द काँग्रेस इन बेळगाव.' बसवताना 'इन' लागला. 'एव्हरी काँग्रेसमन रिमेंबर्स बेळगाव.' इथं काहीच लागलं नाही, कारण बेळगाव हे त्या क्रियापदाचं सरळ कर्म आहे. 'इन', 'ॲट', 'ऑन' असलं काही चिकटवूनच नाम आत बसत असेल तर त्या सगळ्या गाठोड्याच्या जागी व्हेअर येतो. नुसतं नाम बसत असेल तर विच किंवा दॅट. नाम जागेचं असणं पुरेसं नाही, आतल्या वाक्यात त्याच्याकडं काम काय आहे ते बघायचं. 'द हाऊस व्हेअर आय लिव्ह' पण 'द हाऊस विच आय बिल्ट'. 'द मशीन विच वी बॉट' पण 'द प्लांट व्हेअर वी इन्स्टॉल्ड इट'.

व्हेनचंही तसंच. '१९१६ वॉज द इयर व्हेन टिळक फाउंडेड द होम रूल लीग इन बेळगाव', कारण आत 'इन १९१६' आहे. पण '१९१६ इज द इयर विच बेळगाव रिमेंबर्स', कारण तिथं साल हेच कर्म आहे. बाईंची उदाहरणं बहुतेक सगळी गावातलीच असतात. काँग्रेस अधिवेशन जिथं भरलं तो परिसर क्लासपासून लांब नाही, म्हणून असेल.

आता या रीतीतून दोन गोष्टी आपोआप सुटतात, आणि माझ्या मते फी तिथंच वसूल होते. पहिली, शेपटीला लोंबकळणारा 'इन'. 'द प्लांट व्हेअर आय वर्क इन' असं इकडं सर्रास लिहिलं जातं. गाठोड्यातला 'इन' व्हेअरनं आधीच उचललेला असतो, तो परत कशाला? 'द प्लांट विच आय वर्क इन' चालतं, 'द प्लांट इन विच आय वर्क' चालतं, पण व्हेअर आला की 'इन' जातो. दुसरी, आपला खास 'देअर'. 'द डिपार्टमेंट व्हेअर द बोअर इज चेक्ड, देअर द गेज वॉज नॉट अव्हेलेबल.' हे वाक्य आमच्या शॉपमधून कस्टमरकडं गेलेल्या एका मेलमधलं, आणि असली मेल उद्यमबागेतल्या दर दुसऱ्या शॉपमधून जात असणार. आपल्या तोंडात 'जिथे' आला की मागून 'तिथे' येतोच, 'जेव्हा' आला की 'तेव्हा'. जोडीशिवाय वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत 'तिथे'चं काम बाहेरचं नाम करून मोकळं झालेलं असतं.

यावर बैलहोंगलच्या मास्तरांशी झालेली बाईंची चर्चा ऐकण्यासारखी होती. मराठीत प्रश्नाचा शब्द 'कुठे' आणि जोडणारा 'जिथे', दोन वेगळी रूपं. इंग्रजीत दोन्हीकडं व्हेअरच. त्यामुळं मराठी माणसाला 'द प्लेस व्हेअर' ऐकताना आत कुठंतरी प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. कन्नडात 'एल्लि' हा प्रश्नही आणि 'एल्लि… अल्लि' अशी जोडीही, म्हणजे प्रश्नाचाच शब्द जोडायला वापरतात. म्हणून मास्तरांना व्हेअरचं दुहेरी काम पहिल्या दिवसापासून पटलेलं. 'अल्लि'मुळं 'देअर' मात्र त्यांच्याही वाक्यात येत होता. तेव्हा हा रोग मराठीचा एकटीचा नाही, याचं मला उगाच समाधान वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात उलटापालटीचा विषय. 'आय डोन्ट नो व्हेअर इज द ड्रॉइंग.' हे वाक्य खरं तर आपल्याकडं इतकं मुरलंय की चूक म्हणून कुणाच्या कानाला खटकत नाही. प्रश्न असेल तर 'व्हेअर इज द ड्रॉइंग', पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की 'व्हेअर द ड्रॉइंग इज'. पुस्तकं यावर नियम देतात, बाई 'ते' देतात. मराठीत प्रश्न विचारताना आपण 'ड्रॉइंग कुठं आहे?' म्हणतो. सांगताना 'ड्रॉइंग कुठं आहे ते बघा', 'ट्रक कधी सुटला ते विचारा', 'लॉट का अडकला ते कळवा'. प्रश्नाच्या शेवटी हा 'ते' आला की समजायचं, अख्खा प्रश्न आता एक नाम होऊन बसलाय. नाम झालं की उलटापालट बंद, कर्ता पुढं, क्रियापद मागं. निपाणीच्या मुलीनं हे वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. बँकेच्या परीक्षेत चूक शोधायचा जो प्रश्न येतो त्याच्यासाठी एवढं 'ते' पुरतं म्हणाली.

व्हेनच्या तासाला मात्र बाईंनी मला माझ्याच धंद्यातली गोष्ट शिकवली. वर्गात प्रत्येकानं आपल्या कामातलं एक वाक्य आणायचं असतं. हा त्यांचा गृहपाठ, आणि क्लासातला सगळ्यात चांगला भाग. मी आणलं होतं: 'इन्फॉर्म अस व्हेन द मटेरियल विल रीच.' वर्गातल्या कुणालातरी आठवलं की व्हेनच्या मागं 'विल' येत नाही, म्हणून त्यानं ते खोडायला सांगितलं. बाईंनी खडू खाली ठेवला. "उद्यमबाग, तुम्हाला काय कळवून पाहिजे? तारीख की निरोप?"

'इन्फॉर्म अस व्हेन द मटेरियल विल रीच' म्हणजे माल कधी पोचणार ते कळवा, आज कळवा, तारीख द्या. 'इन्फॉर्म अस व्हेन द मटेरियल रीचेस' म्हणजे माल पोचला की कळवा, तोवर गप्प बसलात तरी चालेल. पहिल्यात व्हेनचं वाक्य हे कळवायची वस्तू आहे, म्हणजे नाम. दुसऱ्यात ते कळवायची वेळ आहे. 'विल'ला मज्जाव आहे तो या वेळ सांगणाऱ्या वाक्यात. 'द डे व्हेन द सॅम्पल्स विल रीच' इथं व्हेन नामाला चिकटलाय, तिथंही 'विल' बिनदिक्कत बसतं. एक शब्द, तीन कामं, आणि बंदी एकाच कामाला. थोडी गुंतागुंत पुढंही आहे. वेळापत्रकासारखी ठरलेली गोष्ट असेल तर 'टेल मी व्हेन द ट्रेन लीव्ह्ज' हे साध्या वर्तमानातही तारीखवेळ विचारणारं वाक्य होतं. म्हणून बाईंचं म्हणणं, मेलमध्ये तारीख हवी असेल तर 'विल' घालाच, किंवा सरळ 'द डेट ऑन विच' लिहा. आमच्या पर्चेसवाल्यानं 'व्हेन इट रीचेस'वाली मेल टाकून सप्लायरच्या नावानं किती शंख केलाय ते मला माहीत आहे. सप्लायर बिचारा माल पोचायची वाट बघत बसलेला.

स्वल्पविरामाचं प्रकरण एका तासात उरकलं, आणि तेवढं पुरे होतं. 'बेळगाव, व्हेअर आय वर्क' इथं स्वल्पविराम हवा, कारण बेळगाव एकच, ओळख पटवायची गरज नाही, ती माहिती वरकड आहे. 'द प्लांट व्हेअर आय वर्क' इथं नको, कारण कुठला प्लांट हे त्याशिवाय कळत नाही. 'अवर प्लांट, व्हेअर दीज पार्ट्स आर मशीन्ड' असं स्वल्पविराम देऊन लिहिलं की कस्टमर समजतो आमचा एकच प्लांट. विराम काढला की अनेकांपैकी एक. व्हेअर आणि व्हेन असे विरामानंतर येतात. व्हाय येत नाही.

व्हायवरून माझं आणि बाईंचं बिनसलं, आणि अजून बिनसलेलंच आहे.

'द रीझन व्हाय द पार्ट फेल्ड' हे बाई लाल खडूनं कापतात. त्यांचं म्हणणं, रीझन म्हणजेच कारण आणि व्हाय म्हणजेच कारण, एकाच कारणाला दोन खुर्च्या कशाला. 'द रीझन द पार्ट फेल्ड' लिहा किंवा 'व्हाय द पार्ट फेल्ड' लिहा. मी विचारलं, मग 'द प्लेस व्हेअर' आणि 'द टाइम व्हेन' मध्येही तेच होत नाही का? प्लेस म्हणजे जागा, व्हेअर म्हणजे जागा. ते तुम्ही महिनाभर शिकवलंत आणि व्हायलाच काय पाप लागलं? बाई म्हणाल्या, "ते रूढ आहे." 'द रीझन व्हाय'ही इंग्रजीत शतकानुशतकं रूढ आहे, चांगले लेखक वापरतात, आणि रीझन सोडून दुसऱ्या कुठल्या नामाला व्हाय धड चिकटतच नाही. 'द कॉज व्हाय' कुणी लिहीत नाही, 'द पर्पज व्हाय' नाही. ज्या बिचाऱ्याला एकच घर आहे त्याला तिथूनही हाकलायचं? माझ्या कामाला तर ते दोन शब्द लागतात. 'द रीझन व्हाय इट क्रॅक्ड' आणि 'द रीझन व्हाय इट वॉज नॉट डिटेक्टेड' हे दोन रकाने आमच्या रिपोर्टमध्ये एकाखाली एक असतात. व्हाय काढला तरी वाक्य उभं राहतं हे मान्य, पण ठेवला म्हणून ते चुकीचं होत नाही. ज्यांची परीक्षा आहे त्यांनी बाईंचं ऐकावं, कारण पेपर तपासणारेही बाईंसारखेच असण्याचा संभव फार. बाकीच्यांनी खुशाल लिहावं.

'द रीझन इज बिकॉज' मात्र त्यांनी कापलं ते मला पटतं. तिथं 'दॅट' लिहिलं की रिपोर्ट सुटसुटीत होतो.

चौथा राहिला हाऊ, आणि तो या सगळ्यांत आडमुठा. 'द प्लेस व्हेअर' आहे, 'द टाइम व्हेन' आहे, 'द रीझन व्हाय' आहे, म्हणून माणूस मोठ्या विश्वासानं 'द वे हाऊ' लिहून जातो. नाही चालत. 'द वे वी क्लॅम्प द पार्ट' किंवा 'हाऊ वी क्लॅम्प द पार्ट', दोन्हींपैकी एकच. फार तर 'द वे इन विच'. जुन्या इंग्रजी लिखाणात 'द वे हाऊ' सापडतं असं बाई सांगतात, पण आजच्या प्रमाण इंग्रजीत ते गेलेलं आहे. हाऊला बाहेर नाम सोसत नाही, तो आपलं नाम गिळूनच येतो. खानापूरच्या नर्सला हे अजिबात पटेना. "बाकीच्या तिघांना चालतं, यालाच का नाही ओ बाई?" यावर बाई म्हणाल्या की चार भावांत एक असा असतोच. एवढ्यावर तिनं ऐकलं. मी ऐकलं नसतं, पण खरं सांगायचं तर यापेक्षा बरं उत्तर मलाही कुठं सापडलेलं नाही.

नाम गिळायची खोड हाऊला सक्तीची, बाकीच्यांना ऐच्छिक. 'धिस इज व्हेअर द क्रॅक स्टार्ट्स' यात बाहेर 'द प्लेस' नाही, तो व्हेअरच्या पोटात आहे. असं गिळलेलं अख्खं वाक्य मग नामासारखं कुठंही बसतं. कर्ता होतं, कर्म होतं, 'इट डिपेंड्स ऑन हाऊ यू होल्ड द गेज' असं अव्ययाच्या मागंही बसतं. शेवटच्या आठवड्यात बाईंनी मला फळ्यावर बोलावलं आणि आमच्या धंद्यातली एखादी खरी गोष्ट, एकही जास्तीचं नाम न वापरता, एका वाक्यात लिहायला सांगितली. मी लिहिलं: 'व्हेअर द क्रॅक शोज इज नॉट व्हेअर इट स्टार्ट्स.'

यातला अर्थ कास्टिंगवाल्यांना सांगायला नको. तडा दिसतो मशीनिंग झालेल्या पृष्ठभागावर, आमच्या टेबलावर, म्हणून शिव्या आम्हाला. सुरू झालेला असतो आत, बहुतेकदा जाड भाग आणि पातळ भाग जिथं मिळतात त्या कोपऱ्यात, धातू गार होताना. पातळ भाग आधी आवळतो, जाड भाग मागाहून, आणि दोघांची ओढाताण त्या कोपऱ्यावर येते. आम्ही टूल फिरवून वरचा थर काढतो तेव्हा तो उघडा पडतो. मराठीत मला हे सांगायला दहा वाक्यं लागतात आणि तरी समोरचा फाउंड्रीवाला भांडतो. इंग्रजीत ते एका ओळीत बसलं, कारण दोन्ही बाजूंना एकेक व्हेअर आपापली जागा पोटात घेऊन उभा होता. बाईंनी नुसतं एक विचारलं, मधलं क्रियापद 'इज' की 'आर'? 'इज'. अख्खं वाक्य कर्ता झालं की ते एकच मोजायचं. हे वाक्य नंतर आमच्या रिपोर्टमध्ये जसंच्या तसं गेलं, आणि कस्टमरच्या क्वालिटीवाल्यानं पहिल्यांदाच उलट प्रश्न न विचारता फाउंड्रीला सीसी केलं.

बारीकसारीक आणखी पुष्कळ होतं. 'द डे वी डिस्पॅच्ड', 'द रीझन इट फेल्ड' यांत शब्द गाळला तरी चालतो, पण 'द सिटी आय लिव्ह' चालत नाही, तिथं 'इन' तरी द्या नाहीतर व्हेअर तरी. 'आय नो व्हेअर टू कीप इट' बरोबर, पण 'अ प्लेस व्हेअर टू कीप इट' चूक, तिथं 'अ प्लेस टू कीप इट' लिहायचं. 'अ केस व्हेअर', 'अ स्टेज व्हेअर' अशा, प्रत्यक्ष जागा नसलेल्या नामांनाही व्हेअर चिकटतो. बाईंना तिथं 'इन विच' आवडतं, पण त्या कापत नाहीत.

आता तक्रारी. झेरॉक्स नोट्स बाईंच्या हस्ताक्षरातल्या, आणि झेरॉक्सची झेरॉक्स निघता निघता कडेचे शब्द गायब झालेले. मागच्या बाकावरून फळा चमकतो, तेव्हा लवकर जाऊन खिडकीच्या विरुद्ध बाजूला बसा. क्लासात कुणाला तोंड उघडायची सवय होत नाही. खानापूरला त्यांच्या स्पीकिंग टेस्टसाठी शेवटी दुसरीकडं जावंच लागलं, आणि ही क्लासाची खरीखुरी उणीव आहे. बाई स्वतः इतकं बोलतात की दुसऱ्याला जागा राहत नाही. मोबाइल उलटा ठेवावा लागतो, ग्रुप नाही, चुकलेल्या तासाच्या नोट्स पाठवत नाहीत. ज्यांची फर्स्ट शिफ्ट-सेकंड शिफ्ट बदलत राहते अशा उद्यमबागेतल्या लोकांना हे जड जाईल. मला जनरल शिफ्ट असल्यानं जमलं.

फी महिन्याला बाराशे. रोख, आणि पहिल्या तासाला. पूर्वी मी भरलेल्या क्लासची याच्या कितीतरी पट होती, वर टी-शर्ट होता.

चार शब्दांचा महिना संपला की पुढचा महिना 'हू, हूम, हूज'चा, मग आर्टिकल्स. मी आर्टिकल्सला परत नाव घातलंय. हू-हूमचा महिना सोडून दिला, कारण आमच्या रिपोर्टमध्ये माणसाचं नाव घ्यायचं नसतं, नुसती प्रोसेस लिहायची असते.

जाणाऱ्यांसाठी: संध्याकाळची बॅच नोकरीवाल्यांची, सकाळची परीक्षावाल्यांची. गाडी गल्लीत लावू नका, शेजारचे आजोबा हवा सोडतात. चौकशीला दुपारी दोन ते चार जाऊ नये, बाई झोपलेल्या असतात. फोनवर विचारलंत तर 'वर या, मग सांगते' एवढंच सांगतील. वर गेल्यावर तुमच्या कामातलं एखादं वाक्य मागतील, ते लिहूनच न्या.